लक्ष्म्यांच्या लेकरांची आगगाडी

आमच्या आणि रामकिसन भावजींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही बुटकी. त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजलं, कोण कुणावर रुसलं, कुणाची पाठ धरली, हे मला विचारायला जावं लागत नाही. ते माझ्याकडे आपणहून येतं. मी काही कान लावून बसत नाही. भिंतच बुटकी बांधली सासऱ्यांनी, त्याला मी काय करणार.

तर या भिंतीपलीकडून सुट्टीच्या दिवशी भर दुपारी घंटी वाजायची. टण टण, दोनदा. एसटीत बसलेल्या कुणालाही कळतं की कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी दिली म्हणजे गाडी सोडा, आणि एकदाच दिली म्हणजे थांबवा. पण घरात ना एसटी, ना ड्रायव्हर, ना उतरायची घाई झालेली म्हातारी. गल्लीत नवी सून आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला हमखास विचारायची, मावशी, तिकडं काय वाजतं हो? मी सांगायची, काही नाही गं, भावजींची गाडी सुटली, तू आपल्या भाकरी थाप.

रामकिसन भावजी खरेच कंडक्टर. भोकरदन ते जालना आणि जालना ते भोकरदन, मध्ये आमचं केदारखेडा. उंच, वाळकी अंगलट, आणि खाकी पँट घरातही. बोलणंसुद्धा गाडीतलंच. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांनी हाक मारायच्या आधी हेच म्हणायचे, मागं जागा आहे, मागं सरका. एकदा मयतीच्या घरीही म्हणाले. त्यांचा एकच मोठा दोष होता, तो म्हणजे त्यांना खोटं बोलता यायचं नाही. माणूस वाईट नाही, पण अशा माणसानं गावात राहायचं म्हणजे जरा अवघडच. कुणाच्या सुनेचा स्वयंपाक कसा झाला विचारलं तर सांगून मोकळे. शेवटची गाडी येईल का विचारलं आणि यायची नसली, तर तोंडावर "न्हाई येत" म्हणायचे. लोकांना राग यायचा, पण मुकाट्यानं पायी निघायचे. रामकिसननं सांगितलं म्हणजे नाहीच येत.

हा त्यांचा दोष लक्षात ठेवा. पुढं सगळं गाव त्यातच अडकलं.

आता घंटीचं सांगते. त्यांचा मुलगा राधाकिसन लहान होता तेव्हा भावजींनी त्याला जालन्याहून एक खोका आणला. आत रंगीत प्लास्टिकचे ठोकळे, एकावर एक दाबले की टक् करून बसणारे. पोरानं दोन भिंती उभ्या केल्या, कंटाळलं आणि गोट्या खेळायला पळालं. बाप ड्युटीवरून आला, उरलेल्या दोन भिंती घालाव्यात म्हणून बसला, तो उठलाच नाही. चहा थंड झाला. गोपिकाबाईनं, म्हणजे त्यांच्या घरधनिणीनं, तो दोनदा तापवला आणि शेवटी स्वतः पिऊन टाकला. त्या दिवशी भावजींनी पत्र्याचं छप्पर, दार, दारापुढं न्हाणी, सगळं केलं आणि मग न्हाणीचं पाणी कुठून जाईल याचा विचार करत बसले.

पोरगं वाढलं, त्याला मिशा फुटल्या, ते औरंगाबादला शिकायला गेलं. खेळणी मात्र घरातच वाढत राहिली. जालन्याला स्टँडामागं एक भंगारवाला होता. प्लास्टिकच्या ढिगात असले ठोकळे सापडले की तो भावजींसाठी बाजूला ठेवायचा. मग सकाळी जाताना डब्यात भाकरी आणि येताना डब्यात विटा. गोपिकाबाई डबा घासायला उघडायची तर आत लाल लाल. आधी आधी दचकायची बिचारी.

त्यात रेल्वेचं वेड. दोन फेऱ्यांच्या मध्ये बाकीचे कंडक्टर झाडाखाली तंबाखू मळत बसायचे आणि हे गृहस्थ खांद्याला चामडी पिशवी लावून जालन्याच्या रेल्वे स्टेशनात, बाकावर. गाडी आली की उभे राहायचे, गेली की बसायचे. डेपोतले म्हणायचे, खातो एसटीचं आणि ओवाळतो रेल्वेला. मग एका वर्षी सेलवर चालणारी गाडी आली, निळ्या रुळांसकट. इंजिन विकतचं, पण डबे भावजींनी ठोकळ्यांचे केले, बाकं घालून. आणि घंटी दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही हा नियम. रेल्वेला घंटी नसते, शिट्टी असते, असं मी भिंतीवरून सुचवलं होतं. म्हणाले, वहिनी, माझ्या गाडीला घंटीच हाय.

यात मरण गोपिकाबाईचं. बाई करारी. अंगणात तिची झाडणी सुरू झाली की कोंबड्या वाट सोडायच्या. पण तुम्हीच सांगा, नवरा पितो किंवा पत्ते कुटतो, हे सांगायला बाईला फारसं जड जात नाही. चार जणी लगेच म्हणतात, माझा पण. नवरा खेळण्यातली आगगाडी खेळतो, हे कुणापाशी सांगायचं? तिच्या जोडीला गावात दुसरी एकही नव्हती. माहेरच्यांना कळलं तर, जावयाला कळलं तर, अशी तिला सारखी धास्ती. दाराला कडी घालून ती भावजींना आत खेळू द्यायची आणि स्वतः दारात निवडायला काहीतरी घेऊन पहारा करायची.

मग तिला महालक्ष्म्या सापडल्या.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात तीन दिवस येतात, दोघी बहिणी, भरजरी लुगडी नेसून, आणि बरोबर त्यांची दोन लेकरं, म्हणजे दोन लहान मुखवटे टोपडी घालून पुढं उभे असतात. त्यांच्यापुढं आरास करायची, फराळाची ताटं, फळं, आणि लेकरांसाठी खेळणी. बाहुल्या, भिंगऱ्या, मातीचे बैल. खेळण्यात ठोकळ्यांचं एक घर बसलं तर कोण काय म्हणणार? पहिल्या वर्षी एक घर बसलं. दुसऱ्या वर्षी गल्ली बसली. तिसऱ्या वर्षी गाडी फिरली आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, किती बाई हौस यांना देवाची.

झालं. त्या दिवसापासून घरात येणारा एकूण एक ठोकळा लक्ष्म्यांच्या लेकरांचा. कुणी पिशवी पाहिली की गोपिकाबाई विचारायच्या आत सांगायची. श्रावणात ते शोभायचं. पण चैत्रातही तेच. मी एकदा भिंतीवरून म्हटलंच, बाई, लेकरं यायला अजून सगळा उन्हाळा जायचाय. तर म्हणे, ऐनवेळी मिळत न्हाईत. आणि भावजी दरसाल तीन दिवस रजा टाकायचे म्हणून डेपोत त्यांची केवढी कीर्ती. एवढा देवभोळा माणूस नाही म्हणायचे. पाया पडायचेच काय ते बाकी होते.

मात्र गोपिकाबाईची अट कडक होती. तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्या की गाव उठलं पाहिजे. संध्याकाळच्या आत सगळं मोडून पेटीत. भावजींचं म्हणणं एवढंच होतं की गाव कसं मोडायचं? नुसती भिंतीला पाठ लावलेली कांद्याची खोली मिळाली तर आपलं एकदाचं बसवून टाकतो, कुणाच्या नजरेला पडणार नाही. बाई विचारायची, मंग कांदा कुठं ठेवू, तुमच्या टेशनात? दर भाद्रपदात हा संवाद माझ्या घरात बसून मला ऐकू यायचा आणि दर भाद्रपदात भावजी मान खाली घालून घरं सुटी करायचे. ठोकळा ठोकळ्यापासून निघताना एक बारीक आवाज होतो. त्या संध्याकाळी तो आमच्या जेवणापर्यंत चालायचा. मी आपली उगीच भांडी वाजवायची.

अठ्ठ्याण्णवच्या वर्षी भावजींनी आषाढापासूनच गुपचूप घरं करून तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवली. लक्ष्म्या बसल्या, रजा सुरू झाली, आणि बैठकीत एका दिवसात सबंध केदारखेडा उभं राहिलं. मारुतीचं देऊळ निळं, कारण निळे ठोकळेच जास्त होते. शाळा पिवळी. बसस्टँड, त्यात काडेपेटीएवढी लाल एसटी. पूर्णा नदी गोपिकाबाईच्या जुन्या निळ्या लुगड्याची, जे तिला नदी झाल्यावरच ओळखू आलं. आणि नदीच्या अलीकडून, मारुतीच्या मागून, गावाला वळसा घालून रेल्वे. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं, केदारखेडा. आमच्या गावाला आजपर्यंत रेल्वेचा रूळ सोडा, रुळाची काडीही दिसलेली नाही. पण ती पाटी पाहिली आणि खरं सांगते, मलाही वाटलं की हिरवं लुगडं नेसावं आणि कुठंतरी जावं.

हळदीकुंकवाला बायका आल्या. लक्ष्म्यांपुढं हात जोडल्यासारखे करायच्या आणि लगेच गावापाशी उकिडव्या. जिला तिला आपलं घर शोधायचं. सापडलं की आनंद, आणि लगेच तक्रार. आमचं दार एवढं बारीक कशापायी? आमच्या घरामागं उकिरडा दाखवायची काय गरज होती? एकीचा ओटा रस्त्यात हातभर पुढं आलेला होता, तसाच केला होता. ती पाहून गप्प बसली, कारण शेजारीण बाजूलाच बसली होती आणि दोघींची त्याच ओट्यावरून बोलचाल बंद होती. भूतपूर्व सरपंच काकासाहेब, त्यांची अख्ख्या गावात एकच माडी. पण लाल ठोकळे संपले म्हणून भावजींनी त्यांची माडी घातलीच नव्हती. त्या दुःखाची बातमी कुंकवाच्या आधी त्यांच्या घरी पोचली.

आणि मग आली गोजरबाई. कडूबाची बायको. गावाच्या कडेला त्यांची मोसंबीची बाग, त्यात नवी कलमं लावलेली, उन्हाळाभर या बाईनं डोक्यावरून घागरी वाहून जगवलेली. तिनं आपलं घर पाहिलं, बाग पाहिली. हिरव्या ठोकळ्यांवरचे गोल उंचवटे हुबेहूब मोसंबीसारखे दिसत होते. आणि त्या बागेतून, अगदी मधून, आगगाडी निघून गेली.

तिनं हळूच विचारलं, "भावजी, ही गाडी आमच्या मोसंबीतून का घातली?"

भावजींनी आपलं खरं ते सांगितलं. "दुसरीकून जात न्हाई, वहिनी. म्या समदीकून मोजून पाह्यलं. बराबर तुमच्याच बागेतून जाती."

त्यांचे रूळ एकाच मापात वळतात आणि मध्ये बैठकीचा खांब येतो, हे त्यांच्या मनात. पण ते मनातच राहिलं. गोजरबाईनं ऐकलं ते एवढंच, की रोज जालन्याला जाणारा, सरकारी टोपी घालणारा आणि जन्मात खोटं न बोललेला माणूस म्हणतोय, मोजलंय आणि तुमच्या बागेतून जाते. रेल्वे येणार येणार हे आम्ही सगळ्या जणी परकर नेसत होतो तेव्हापासून ऐकत आलोय. ती कधीतरी कुणाच्या तरी बागेतून यायचीच होती. गोजरबाई कुंकू न घेताच उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अजून लक्ष्म्यांचा फुलोराही खाली काढला नव्हता, तेवढ्यात दारात कडूबा, डोक्यावर टोपलंभर मोसंबी. टोपलं ठेवलं, बसला आणि बराच वेळ गुडघा खाजवत राहिला. मग म्हणाला, कलमं लहान हायेत अजून, भाऊ, रूळ जरा सरकत असंल तर पाहा. भावजींनी हात जोडून सांगितलं की अरे, हे खेळणं आहे. कडूबा समजुतीनं हसला. म्हणाला, तुमाला बोलता येत न्हाई, ठाऊक हाय मला. आणि निघाला. भावजी टोपलं घेऊन त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावले, तसे लोक म्हणाले, पाहा, लाचसुद्धा घेत नाही, म्हणजे काम केवढं मोठं असेल.

दुपारी काकासाहेब आले. आता हे या घरात कधी पाऊल न टाकलेले गृहस्थ. पांढरे स्वच्छ कपडे, हातात काठी. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, पण खुर्चीवरून गाव नीट दिसेना, म्हणून खाली बसले. आपलं बिनमाडीचं घर पाहिलं. मग बोटानं नदीपलीकडं दाखवलं, लुगड्याच्या पलीकडं, जिथं नुसती उघडी फरशी होती. तो त्यांचा माळ. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नाही. कडूबाची पिकती बाग कशाला मोडता, गाडी माळावरून काढा, मावेजा, म्हणजे गेलेल्या जमिनीचे पैसे, सरकार देईल, गावाचं भलं होईल, असं बराच वेळ गावाचं भलं सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून एक किल्ली काढली आणि मारुतीच्या देवळापाशी ठेवली.

म्हणाले, "तुला हे दरसाल मोडावं लागतं असं ऐकलं, रामकिसन. माझं रोडवरचं कापसाचं गोदाम रिकामं हाय. लाइट हाय, फरशी हाय. तुझं गाव तिथं बसव, जिंदगीभर राहू दे. गाडी तेवढी माझ्या माळावर घे."

मी धुण्याच्या दगडावर उभी होते, म्हणून मला भावजींचं तोंड दिसलं. त्या किल्लीकडं ते जसं पाहत होते, तसं लग्नात त्यांनी गोपिकाबाईकडंही पाहिलं नसेल. संध्याकाळ दोन-चार तासांवर आलेली. मग पुन्हा तोच बारीक आवाज, पुन्हा पेटी. आणि इकडे सबंध गोदाम, हलवायचे ते फक्त मूठभर निळे रूळ. त्यांनी एक रूळ उचललासुद्धा. नदीपलीकडं धरून पाहिला. मग परत जागेवर दाबून बसवला.

म्हणाले, माळावर न्यायची तर नदीवर पूल लागंल, तेवढे ठोकळे न्हाईत माझ्याकडं.

काकासाहेब म्हणाले, पुलाचं सरकार पाहील.

भावजींनी कळवळून सांगितलं, सरकार बिरकार कुणी न्हाई काकासाहेब, म्या खेळतो. काकासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मी सरपंच होतो बाबा, सरकारी माणूस असाच बोलतो.

तोवर अंगण भरलं होतं. काकासाहेब गाडी पळवायला बसलेत हे कळल्यावर कडूबा धावत आला आणि त्याचं सकाळचं म्हणणं साफ उलटं झालं. गाडी बागेतून जाते तर बागेतूनच जाईल, मावेजा आमचा आहे, मोठ्या लोकांनी मध्ये पडू नये. सकाळी जो रूळ जरा सरकवा म्हणत होता, तो आता त्या रुळावर आडवा पडायला तयार. तालुक्याला जाऊन अर्ज देतो म्हणाला. नवी कलमं आत्ताच्या आत्ता उपटून बांधावर लावतो म्हणाला, पुढं मशिनी आल्यावर वेळ मिळणार नाही. आणि खरंच कुदळ आणायला माणूस पाठवला. गोजरबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी. भाद्रपदाच्या उन्हात उपटलेलं कलम जगत नाही हे तिला ठाऊक, कडूबाला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक.

भावजी एकेकापाशी जाऊन सांगत होते, खेळणं आहे, खेळणं आहे. आयुष्यभर ज्याचा शब्द गावानं खरा धरला, त्याचं तेवढं एकच खरं कुणी धरेना.

आणि धरणार तरी कसं? दहा वर्षं गोपिकाबाईनं घराघरात सांगितलं होतं की हे खेळत नाहीत, हे देवाचं करतात. देवाच्या पुढं कुणी थट्टा मांडतं का? तिनं सांगितलं असतं तरच पटलं असतं. ती आत चुलीपाशी खीर ढवळत होती. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. पळी फिरायची थांबली. पुन्हा फिरली. पुन्हा थांबली. एवढी वर्षं दाराला कडी घालून जे झाकलं, ते आता उघडायचं तर सगळं गावच अंगणात जमलेलं, आणि त्यातल्या निम्म्या बायका तिच्या वाईटावर टपलेल्या. गप्प राहिली तर नवरा मोठा सरकारी माणूस ठरत होता, काकासाहेब तिच्या दारी जमिनीवर बसले होते. अशी दुपार बाईच्या नशिबात पुन्हा यायची नव्हती.

ती पळी हातात घेऊनच बाहेर आली. लक्ष्म्यांकडं पाहून घेतलं. मग गोजरबाईकडं.

"काकासाहेब, ती रेल्वे न्हाई अन् ते टेशन न्हाई," ती म्हणाली. "आमचे हे खेळतेत. लक्ष्म्यांच्या लेकरांचं म्हणून म्या सांगत होते, ते बी खोटं. लेकरं तीन दिवस येतेत, हे बारा महिने खेळून राह्यले. भाकरीच्या डब्यात विटा आणतेत. समद्यांनी ऐकलं का बराबर? माझा माणूस खेळतो."

 खिरीचे दोन थेंब पळीतून फरशीवर, म्हणजे शाळेच्या मैदानात पडले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हते.

पहिली बोलली गोजरबाई. "म्हंजी मोसंबी राहती?"

"राहती, माय."

ती कडूबाच्या अंगावर जी काही धावली, ते मी इथं लिहीत नाही. कुदळ आणायला गेलेला माणूस कुदळ घेऊन आला आणि गर्दी पाहून ती पाठीमागं लपवून उभा राहिला. काकासाहेब हळूहळू उठले. मारुतीपाशी ठेवलेली किल्ली उचलून खिशात घातली, कपडे झटकले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"रेल्वे न्हाई तर न्हाई," ते म्हणाले, "माडी तर हाय ना माझी? ती तेवढी बसव."

गर्दी पांगली. बायका जाता जाता मागं वळून पाहत होत्या, आता गावाकडं नाही, भावजींकडं. ते खांबाला टेकून उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.  संध्याकाळी गोपिकाबाईनं लक्ष्म्यांवर अक्षता टाकून त्यांना जागेवरून हलवलं, पुढच्या वर्षी या म्हटलं. मग भावजींनी मुकाट्यानं पेटी ओढली, बसले आणि सगळ्यात आधी स्टेशनची पिवळी पाटी काढून हातात घेतली.

तेवढ्यात गोपिकाबाई कांद्याच्या खोलीतून टोपलं भरून बाहेर आली आणि आमच्या भिंतीच्या बुडाशी ओतलं. परत गेली. दुसरं टोपलं. तिसरं. भावजी पाटी धरून नुसते पाहत. शेवटी मलाच राहवेना, मी भिंतीवरून विचारलं, बाई, कांद्याचं काय?

"कांदा बाहेर राह्यला तर कोण हसत न्हाई," ती म्हणाली. मग त्यांच्याकडं न पाहता, "आता झाकायचं काय राह्यलंय? न्या ते गाव आत. पर मोडू नका, साबूत न्या. अन् डब्यात पुन्हा वीट दिसली तर भाकरी बंद."

साबूत न्यायचं म्हणजे अवघडच. ताटं काढली, परात काढली, सुपं काढली, पोळपाटसुद्धा. आमची मोठी परात मी भिंतीवरून दिली आणि पाठोपाठ मीही गेले, माझी गल्ली दुसऱ्या कुणी नेलेली मला चालणार नव्हती. मारुती ताम्हनात बसून गेला. शाळा सुपात. पूर्णा नदी गोपिकाबाईनं घडी घालून खांद्यावर टाकली. असं सबंध केदारखेडा कांद्याच्या खोलीत मुक्कामाला गेलं आणि आजही तिथंच आहे. पावसाळ्यात अजून कांद्याचा वास मारतं.

काकासाहेबांची माडी दिवाळीच्या आत झाली. ते महिन्यातून एकदा काठी टेकत येतात, माडी जागेवर आहे का पाहतात, आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, पुलाचं काही झालं का. त्यांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. त्या ठोकळ्यांच्या गावात आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर भावजींनी एक छोटी बाई बसवली आहे, लाल लुगडं, पलीकडं वाकलेली. गावातली पोरं ती मला दाखवून दाखवून हसतात. ती मी नाही. मी लाल नेसत नाही.

भावजी आता रिटायर झाले. गेल्या वर्षीच्या लक्ष्म्यांपुढं खेळण्यात फक्त भिंगऱ्या आणि मातीचे बैल होते. गल्लीत नवीन आलेल्या एका सुनेनं विचारलं, तुमच्याकडं रेल्वे असते म्हणे? तर गोपिकाबाई तिला हाताला धरून खोलीत घेऊन गेली. कुणाची आहे हो, असं तिनं विचारलं, तेव्हा बाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, आमच्या ह्यांची.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या उठल्यावर मुखवटे पुसून पेटीत गेले. लेकरांचे मात्र गेले नाहीत. मी डोकावून पाहिलं तर ती दोन्ही टोपडी घालून खोलीत, स्टेशनच्या फलाटामागं. मी म्हटलं, बाई, हे काय? म्हणाली, दहा वर्षं त्यांच्या नावानं आणलं, एक दिवस तरी बसू द्या.

खोलीत आता दाराच्या चौकटीला दोरी बांधली आहे, एसटीतली, घंटीसकट. भावजी खाली मांडी घालून इंजिनाच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. दोरी गोपिकाबाईच्या हातात. तिनं दोनदा ओढली. गाडी सुटली, मारुतीच्या मागून गेली, नदीच्या कडेनं वळली, मोसंबीत शिरली. कडूबा उंबऱ्यावर बसला होता. बाग मोडत नाही ना, मग गाडी जातेच आहे तर आमच्या बागेपाशी थांबू तर द्या, माल चढवता येईल, असा त्याचा वर्षभर हट्ट चालला होता. भावजी म्हणायचे, नियमात बसत नाही.

गोपिकाबाईनं दोरी एकदाच ओढली. भावजींनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं, मग बटण दाबलं, आणि गाडी कडूबाच्या मोसंबीत थांबली.